एलएचएस-१ कृत्रिम चांद्रमाती: नागपूरच्या शाळा-कॉलेजांनी घ्यावी का?

घ्यावी, पण किलोभरच. आणि तीही सरावाला नव्हे, तुलनेला. चांद्रवस्तीच्या तयारीचा प्रकल्प शाळा आणि इंजिनिअरिंग कॉलेज मिळून करायचा ठरला की सगळ्यात आधी याच मातीची मागणी होते, आणि नीट हिशेब न करता वापरली तर ती पहिल्याच फेरीत संपते.

सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या एक्झोलिथ लॅबमध्ये तयार झालेली ही माती चंद्राच्या उंच, उजळ भागाची नक्कल आहे. सुमारे तीन चतुर्थांश अनॉर्थोसाइट हा उजळ खडक, उरलेला बहुतेक काचमय बेसॉल्ट, म्हणजे काळा लाव्हाखडक. चांद्रयान-३ २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरले तिथली मातीही प्रज्ञान रोव्हरच्या मोजमापात अनॉर्थोसाइटच्याच जातीची निघाली. म्हणून दक्षिण ध्रुवाकडच्या वस्तीसाठी प्रयोग असतील तर निवड बरोबर आहे. इस्रोनेही आपली चांद्रमाती करताना तामिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा अनॉर्थोसाइट दळला होता.

आता हिशेब. सैल मातीची घनता साधारण १.३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, म्हणजे किलोत जेमतेम पाऊण लिटर माती. रोपांसाठी ४० ग्रॅमचा एक कप धरला तर २५ कप होतात, ते पुरेसे आहेत. पण विटेची ताकद तपासायचा ५ सेंटिमीटरचा एक ठोकळा ठासून भरायला दोनशे ग्रॅमच्या वर माती जाते. ताकद मोजायला एका मिश्रणाचे निदान तीन ठोकळे हवेत. म्हणजे एका मिश्रणातच किलोतले सहाशे-साडेसहाशे ग्रॅम गेले.

त्यामुळे सगळा सराव क्रशरच्या चुरीवर करा. नागपूर दख्खनच्या बेसॉल्टच्या पूर्व कडेवर आहे. काळ्या गिट्टीची चुरी शहराच्या आसपास सहज मिळते. ती ताजी, ढिगाच्या आतली घ्या. वरच्या थरात माती आणि काडीकचरा असतो. धुऊ नका, नाहीतर हवे तेच बारीक कण वाहून जातात. ओव्हनमध्ये ११० अंशांवर रात्रभर वाळवून १ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा, आणि ७५ मायक्रॉनखालचा भाग किती ते कॉलेजच्या सिव्हिल लॅबमध्ये तोलून घ्या. ही चुरी लोहयुक्त आणि काळपट आहे, म्हणून ती चंद्राच्या काळ्या मैदानांना जवळची. एलएचएस-१ची जागा ती घेत नाही, पण हात बसवायला तिच्याइतके चांगले काही नाही. दोन्ही माती हाताळताना एन-९५ मास्क सक्तीचा आणि पंखा बंद. ही धूळ फुप्फुसात जाते, यात सवलत नाही.

रोपांच्या प्रयोगात सगळ्यात मोठी फसगत बियाण्याची होते. मूग-मेथीच्या दाण्यात स्वतःचा साठा असतो, ते ओल्या कापसावरही उगवतात. त्यावरून मातीबद्दल काही कळत नाही. मोहरी किंवा राजगिरा घ्या, फरक दुसऱ्या आठवड्यापासून दिसतो. या मातीत सेंद्रिय द्रव्य नाही आणि रोपाला घेता येईल असा नत्र जवळजवळ नाही, म्हणून नुसत्या पाण्यावर पाने पिवळी पडतात. अर्ध्या ताकदीचे होगलँड द्रावण (रोपांना लागणाऱ्या पोषक क्षारांचे पाणी) कॉलेजने करून द्यावे आणि ते सुती वातीने खालून चढवावे. वरून पाणी घातले की पृष्ठभागावर पापडी धरते आणि कोंब अडतो.

इथे एक मर्यादा अहवालात ठळक लिहिलीच पाहिजे. खऱ्या चांद्रमातीत लोखंडाचे अतिसूक्ष्म कण असतात, नकलेत ते नसतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लोरिडातल्या प्रयोगात अपोलो ११, १२ आणि १७ च्या मातीत बिया उगवल्या, पण रोपे नकली मातीतल्यापेक्षा खुरटी राहिली. अपोलो ११ची सगळ्यात कमजोर. तेव्हा एलएचएस-१मध्ये मोहरी वाढली म्हणजे चंद्रावर वाढेल, असे कोणत्याही विद्यार्थ्याला लिहू देऊ नका.

विटांसाठी बंगळुरूच्या आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था) आणि इस्रोने युरिया, ग्वार गम (गवारीच्या बियांचा डिंक) आणि स्पोरोसार्सिना पाश्चुराय हा जिवाणू वापरला. जिवाणूचे काम कॉलेजकडेच ठेवा. अमोनियाचा वास सुटतो, हवेशीर लॅब लागते. शाळेने फक्त ग्वार गमची वीट करावी: १०० ग्रॅम मातीला १ ग्रॅम. गम आधी कोरड्या मातीत मिसळा, मग बॅटरीत भरायचे शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी, आम्ल नव्हे, थोडे थोडे घाला, कारण पाण्यात थेट टाकला की गुठळ्या होतात. बोअरचे जड पाणी नको, त्यातले क्षार निकाल बिघडवतात. पावसाळ्यात या विटांना बुरशी येते. एप्रिल-मेच्या उन्हात उलट होते: बाहेरून आधी सुकून तडकतात, तेव्हा सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवा. विदर्भातल्या शाळांचे वेळापत्रक पाहता रोपे जुलै-ऑगस्टमध्ये आणि विटा दिवाळीनंतर हे जमते.

जोडप्रकल्प बहुधा नोंदवहीत फसतो. शाळेत ‘चिमूटभर’ आणि कॉलेजात ग्रॅम, अशाने दोन्हीकडचे आकडे एकत्र ठेवता येत नाहीत. ०.१ ग्रॅमचा काटा शाळेत हवाच. तो नसेल तर मातीआधी काटा घ्या.

आणि रोपांची वापरलेली एलएचएस-१ विटांना देऊ नका. मुळे आणि द्रावणाने ती बदललेली असते. चाळून, तारीख लिहून वेगळ्या डब्यात ठेवा. पुढच्या तुकडीला त्याच मातीत दुसरे पीक घेता येईल.