रॉजर्स की एलिस? गावाकडं काउन्सेलिंग करायचं असेल तर

एमए सायकॉलॉजी झालेली दोन-तीन पोरं मागच्या महिन्यात विचारत होती, सर पुढचं ट्रेनिंग कार्ल रॉजर्सचं घेऊ की अल्बर्ट एलिसचं (रॉजर्सचं म्हणजे समोरच्याला मनापासून ऐकून घ्यायचं, एलिसचं म्हणजे त्याचे चुकीचे विचार तपासून बदलायचे). फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचं कोणी विचारलं नाही अन् ते बरोबरच आहे, आठवड्यातून चार-पाच दिवस, तेही वर्षानुवर्षं, येऊन बोलायला सोयाबीन काढणीतल्या माणसाजवळ वेळ कुठून येणार.

मोठ्या लोकांचंही एकमत नाहीच. १९८२ च्या अमेरिकेतल्या सर्व्हेत सायकॉलॉजिस्ट लोकांनी या क्षेत्रावर सगळ्यात जास्त प्रभाव टाकणारा थेरपिस्ट म्हणून रॉजर्सला पहिला नंबर दिला, एलिसला दुसरा, फ्रॉइड तिसरा. रॉजर्सनं १९५७ मध्ये लिहिलं की समोरच्याला आतून समजून घेणं, बिनशर्त स्वीकारणं अन् स्वतः खरं असणं एवढं पुरतं, अन् दोनच वर्षांत एलिसनं लेख लिहून ते अमान्य केलं.

मी सुरुवात एलिसपासून केली. त्याचं एबीसी (घडलेली गोष्ट, तिच्याबद्दलची आपली समजूत अन् त्यातून होणारा परिणाम) कागदावर मांडता येते, माणसाला घरी न्यायला काहीतरी मिळते, परीक्षेच्या टेन्शनवाल्या पोरांसोबत मी आजही तेच करतो.

पण डिस्प्युटिंग, म्हणजे त्या समजुतीलाच प्रश्न विचारून खोडणं, आलं की अडलं. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कपाशी गेली त्या वर्षी एक काका यायचे, यवतमाळ जिल्ह्यातलेच. मी विचारलं, काका, कर्ज फिटलं नाही तर तुम्ही माणूसच नाही, हे कशावरून? ते म्हणाले, "हाव सर, बराबर हाये तुमचं." पुढच्या आठवड्यातही तेच, हाव सर. आता ही पद्धत चालायला समोरच्यानं आपल्याशी वाद घातला पाहिजे, अन् आपल्याकडं शिकलेल्या माणसाला कोणी उलटून बोलत नाही, त्यामुळं तीन बैठकांत वरून सगळं पटलं अन् आतलं जसंच्या तसं राहिलं.

चौथ्या वेळेस मी रॉजर्सच्या पद्धतीनं नुसतं म्हटलं, घरी अजून कोणाला सांगितलं नसेल तुम्ही. बराच वेळ गप्प बसले, मग रडले, मग पोरीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशाचं सांगितलं, अन् भावाला सांगतो हे स्वतःच ठरवून गेले.

रॉजर्सचाही त्रास आहेच, दर दुसरा माणूस "मंग म्या काय करू ते सांगा ना" म्हणते अन् तिथं थांबून राहणं जड जाते. पॅनिक किंवा सारखे हात धुण्याचा त्रास असेल तर नुसतं ऐकून भागत नाही, तिथं मी सीबीटीवाल्याकडंच (विचार अन् वागणं दोन्हीवर काम करणारी थेरपी) पाठवतो. तुमचा अनुभव वेगळा असू शकते, पण शेतकरी कुटुंबांत काम करायचं असेल तर मी तरी आधी रॉजर्स म्हणेन, एलिस वर्षभरानं घ्या. अन् कोणी मरणाचं बोललं तर दोन्ही बाजूला ठेवा, माणसाला एकटं सोडू नका, डॉक्टरकडं न्या, सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावा.