भांडुपच्या आमच्या चर्चचं काम केलेले मिस्त्री : उशीर झाला, पण स्लॅब गळला नाही

रिव्ह्यू मोठा होणार आहे, पण ज्यांच्या मंडळीचं बांधकाम अर्ध्यात अडकलंय त्यांनी नक्की वाचा, त्यांच्यासाठीच लिहितेय. मी आमच्या इमारत कमिटीची खजिनदार, म्हणजे प्रत्येक बिल माझ्या हातून गेलंय. मिस्त्रींचं (आम्ही त्यांना मामा म्हणतो) नाव-नंबर इथे टाकत नाही, मामांनीच सांगितलंय की ताई मी एका वेळी एकच काम घेतो, उगाच लोकांना नाही म्हणायला लागतं. कोणाला हवा असेल तर रविवारी उपासनेनंतर येऊन भेटा.

आमची मराठी मंडळी, 60 घरं, बरेच जण कंपनीत नाहीतर घरकामाला. इतकी वर्षं शाळेचा हॉल भाड्याने घेऊन उपासना व्हायची. 2018 ला प्लिंथ, म्हणजे जोतं झालं, 2019 ला कॉलम उभे राहिले आणि तिथेच थांबलं. आधीचा कॉन्ट्रॅक्टर ॲडव्हान्स घेऊन गेला आणि लॉकडाऊननंतर त्याचा फोनच लागेना. चार पावसाळे ते कॉलम तसेच उघड्यावर, वरच्या सळ्या लाल झालेल्या, शेजारच्यांनी त्यांना कपडे वाळत घालायला दोऱ्या बांधलेल्या. रोज स्टेशनला जाताना मी तिकडे बघायचंच टाळायचे. हंगामाच्या सणाला लोक भाजी, तांदूळ, नारळ आणायचे, लिलावात एकेक नारळ हजार रुपयांना घ्यायचे, ते पैसे फंडात जायचे आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारायचं, काय हो, पैसे गेले कुठे? उत्तर माझ्याकडे नसायचं.

तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी एक केलं, सगळ्या कमिटीला लोकलने फोर्टला नेलं, सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये. आपण चर्चगेट चर्चगेट म्हणतो ते नाव ह्याच चर्चवरून पडलं, किल्ल्याचा त्या बाजूचा दरवाजा म्हणून. ते चर्च 1676 ला मुंबईचा तेव्हाचा इंग्रज गव्हर्नर जेराल्ड आँजियरने सुरू केलं, भिंती 15 फुटांपर्यंत आल्या आणि काम बंद. पुढच्याच वर्षी आँजियर सुरतेला वारला. त्यानंतर जवळजवळ 40 वर्षं त्या अर्ध्या भिंती तशाच उभ्या. मग रिचर्ड कॉब नावाचे पाळक आले, त्यांनी 1715 ला परत वर्गणी सुरू केली आणि 1718 च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडलं. पाळकसाहेब बाकावर बसून एवढंच म्हणाले की ज्याने पाया घातला त्याने छप्पर बघितलं नाही. कोणी काही बोललं नाही, पण परतीच्या गाडीत मुलुंडच्या एका काकांनी त्या महिन्यात डबल देणगी लिहून दिली.

आता मुख्य मुद्दा, मामा. 2022 च्या दिवाळीनंतर एका सभासदाच्या ओळखीने आले. मूळचे साताऱ्याकडचे, गळ्यात तुळशीची माळ. आम्ही म्हटलं कोटेशन द्या, ते म्हणाले आधी खांब बघतो. दोन तास नुसती हातोडी घेऊन प्रत्येक कॉलम ठोकून आवाज ऐकत फिरले, मग म्हणाले खांब धड आहेत पण माझ्या शब्दावर जाऊ नका, इंजिनिअरला बोलवा, त्याचा कागद आल्याशिवाय मी एक घमेलं उचलणार नाही. कागद यायला महिना गेला. मग सगळ्या सळ्या तारेच्या ब्रशने घासल्या, ज्या जास्त झिजल्या होत्या त्या कापून नवीन जोडल्या, बाकीच्यांना सिमेंटची स्लरी लावली. नुसत्या घासण्यात पंधरा दिवस! कमिटीत कुरकूर सुरू झाली, मीसुद्धा केली, खोटं कशाला सांगू.

खरी परीक्षा स्लॅबला झाली. मे 2023 च्या दुसऱ्या आठवड्यात स्लॅब भरला आणि आम्हाला महिनाअखेरीला पेंटेकॉस्टची (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा आमचा सण) उपासना त्याच्याखाली करायची होती, आमंत्रणंसुद्धा गेली होती. मामा म्हणाले बीम 22 फुटांचा आहे, टेकू 21 दिवस हलवायचे नाहीत आणि टेकूंच्या खाली माणसं बसवायची नाहीत, तुमचा देव थांबेल, सिमेंट घाई करणार नाही, त्याला त्याचा वेळ द्यावाच लागतो. आमच्यातल्या एकाने आवाज चढवला, पण मामा शांतपणे तेच तेच सांगत राहिले. शेवटी पेंटेकॉस्ट बाहेर ताडपत्रीखाली झालं, उकाड्यात, आणि त्याच दिवशी पाळकसाहेबांनी बायबलमधली एज्रा आणि हाग्गय ही पुस्तकं काढली, यरुशलेमचं मंदिर पाया घालून थांबलं होतं आणि दारयावेश राजाच्या दुसऱ्या वर्षी परत सुरू झालं ते. मी लहानपणापासून तो भाग ऐकलाय, पण समोर टेकू लावलेला स्लॅब असताना ऐकणं वेगळं असतं.

स्लॅबवर पाणी राहायला हवं म्हणून मामांनी सिमेंटचे छोटे बांध घालून वर तळंच केलं आणि मंडळीला पाळ्या लावून दिल्या, सकाळी एक घर, संध्याकाळी एक घर. सकाळी सहाला संडे स्कूलची पोरं पाईप घेऊन वर, ऐंशी वर्षांच्या आजी खालून ओरडतायत अरे कोपरा सुटला, कोपरा सुटला. त्या आजींनी 2018 ला प्लिंथमध्ये पहिलं घमेलं टाकलं होतं. माझं मत विचाराल तर आमची मंडळी त्या पंधरा दिवसांत खऱ्या अर्थाने एकत्र आली, आधी नुसती वर्गणी देत होती.

पैशांचं सांगते. मजुरीवर काम, मटेरियल आपण आणायचं, टप्पा झाला की पैसे, आणि शेवटचे दहा टक्के त्यांनी स्वतःहून आमच्याकडे ठेवले, पावसाळा गेल्यावर द्या म्हणून. सिमेंटच्या रिकाम्या गोणीसुद्धा मोजून परत द्यायचे. तक्रारी पण आहेत. फोन एका रिंगमध्ये कधी उचलत नाहीत. हिशोब वहीत आणि त्यांचं अक्षर त्यांनाच कळतं, ऑडिटला मला परत सगळं लिहून काढावं लागलं. खिडक्यांच्या ग्रिलचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं, ते फिनिशिंग ठीकठाकच आहे, वेल्डिंगचे डाग दिसतात. बाहेरच्या नळाजवळ फरशीचा उतार उलटा झाला होता, तो मात्र न सांगता उखडून परत केला, जास्तीचे पैसे नाही. ज्यांना तारीख पक्की हवी, उद्घाटनाला पाहुणे ठरलेत, त्यांनी ह्यांच्याकडे जाऊ नये, खरंच भांडणं होतील. ज्यांना इमारत हवी त्यांनी जा. माझ्याकडून 5 पैकी साडेचार.

आणि हे सांगायचं राहिलं. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे स्लॅबवर गळू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा थर, झाला, तीन दिवस पाणी भरून टेस्ट केली, आणि मामा आषाढीला पंढरपूरला गेले. त्या वर्षी पाऊस उशिरा, जूनच्या शेवटी आला आणि आला तो धो धो. रात्री अकराला माझा फोन वाजला, पाठीमागे टाळ-मृदंग, नीट ऐकूही येत नव्हतं. ताई, चर्चमध्ये जाऊन बघा, वेदीच्या वरचा कोपरा बघा, तिथं जोड आहे. मी आणि मिस्टर छत्र्या घेऊन गेलो, टॉर्च मारून सगळं छत बघितलं, कोपऱ्याला हात लावून बघितला. कोरडा. मी फोनवर सांगितलं मामा, कोरडं आहे, तर ते थोडा वेळ गप्प आणि मग म्हणाले, बरं, आता सकाळी परत एकदा बघा, रात्रीचं नीट दिसत नाही.