एसीटी, एसीक्यू आणि दम्याचे रुग्ण: ओपीडीत काही महिने वापरल्यानंतर

दम्याच्या रुग्णाला "कसं काय?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "तसं बरंय." जिना टाळणारा आणि पहाटे खोकून उठणारा माणूसही हेच सांगतो, कारण त्याच्या ते अंगवळणी पडलेलं असतं. प्रश्नावली कामाला येते ती इथे. गेले काही महिने फॉलोअपच्या रुग्णांसाठी आम्ही मुख्यतः अस्थमा कंट्रोल टेस्ट, म्हणजे एसीटी, वापरतोय. गरज पडेल तिथे एसीक्यू, म्हणजे अस्थमा कंट्रोल क्वेश्चनेअर. एसीटी ठेवण्यासारखी आहे, पण नुसत्या बेरजेवर विसंबू नये.

एसीटी २००४ची. १२ वर्षांपासून पुढच्यांसाठी पाच प्रश्न, मागच्या चार आठवड्यांबद्दल: कामात अडथळा, धाप, रात्री किंवा पहाटे जाग, तातडीच्या औषधाचा वापर आणि दमा कितपत आटोक्यात वाटतो. प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज २० किंवा जास्त आली तर दमा आटोक्यात, १६ ते १९ म्हणजे पुरेसा नाही, १५ किंवा कमी म्हणजे अगदीच हाताबाहेर. दोन भेटींत किमान ३ गुणांचा फरक दिसला तरच तो मनावर घ्या. एखाद-दुसरा गुण इकडेतिकडे होतच असतो.

आता ही उत्तरं बघा: ५, ४, २, ४, ५. बेरीज २०, रुग्ण पास. पण तिसऱ्या प्रश्नातले २ गुण म्हणजे आठवड्यातल्या दोन-तीन रात्री झोपमोड! जीनाचे (दम्याच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढणारी जागतिक संस्था) चारच प्रश्न आहेत: दिवसाचा त्रास आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा, दम्यामुळे रात्री जाग, तातडीचं औषध आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा, हालचालींवर मर्यादा. त्यांत एक-दोन 'हो' आले की दमा अंशतःच आटोक्यात धरतात. तेव्हा केसपेपरवर पाचही आकडे लिहा, नुसतं '२०' नको.

सगळ्यात जास्त घोळ चौथ्या प्रश्नात होतो. रोजचा काय नि तातडीचा काय, रुग्णाच्या लेखी दोन्ही 'पंप'च. रोजचा स्टेरॉइडचा पंप सकाळ-संध्याकाळ नेमाने घेणारा "दिवसातून एक-दोनदा"वर खूण करतो आणि ५ ऐवजी २ गुण मिळवतो. शिस्तीच्या रुग्णालाच शिक्षा. उपाय सोपा: पंप टेबलावर ठेवायला सांगा आणि "त्रास झाला की यातला कोणता ओढता?" एवढंच विचारा. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा (स्टेरॉइड आणि श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध एकत्र) एकच पंप रोजचा आणि तातडीचाही असेल, तर ठरलेले डोस सोडून जादाचे किती, ते वेगळं लिहून ठेवा. जीनाचा औषधाचा प्रश्न तर साल्ब्युटामॉलसारख्या, श्वासनळ्या झटपट पण थोडाच वेळ मोकळ्या करणाऱ्या औषधांपुरताच आहे, हे पुष्कळांच्या नजरेतून सुटतं.

फॉर्म डॉक्टरांकडे जाण्याआधी, बाहेर बसल्या बसल्या आणि रुग्णानेच भरावा. वाचता येत नसेल तर सिस्टरने छापलेलेच शब्द वाचावेत, आपल्या भाषेत समजावू नयेत. सोबतच्या नातेवाइकांनी मध्ये बोलू नये. बरेच जण फक्त आजचा दिवस आठवून उत्तर देतात. "मागच्या महिन्यातल्या याच तारखेपासून" म्हटलं की उत्तरं बदलतात.

एसीक्यू १९९९ची, एका आठवड्यापुरती. सात प्रश्न, प्रत्येकी ० ते ६, आणि बेरजेऐवजी सरासरी. सातवा प्रश्न एफईव्ही-१चा, म्हणजे जोराने फुंकताना पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते त्याचा. ते मोजणारी स्पायरोमेट्री नसेल तर पाच किंवा सहा प्रश्नांची आवृत्ती घ्या, पण मग भागाकारही पाचाने किंवा सहानेच. ०.७५ किंवा कमी चांगलं, १.५ किंवा जास्त वाईट, आणि ०.५चा फरक दखलपात्र. इथे आकडा वाढला की तब्येत बिघडली, एसीटीत नेमकं उलटं. दोन्ही एकाच फाइलीत असतील तर आकड्यापुढे नाव हवंच. गर्दीच्या ओपीडीत एसीक्यू जड जाते. तीव्र दम्याच्या मोजक्या रुग्णांसाठी मात्र ती जास्त बारकाईची वाटली.

गुण कमी आले म्हणून लगेच औषधाची पायरी चढवू नका. आधी पंप ओढून दाखवायला सांगा, मग रोज घेतात का ते बघा. त्यानंतर नाक, आम्लपित्त, वजन आणि हृदय. ही प्रश्नावली धाप मोजते. ती धाप दम्याचीच आहे याची हमी देत नाही.

उलट, गुण उत्तम असूनही धोका असू शकतो. चार आठवड्यांच्या चौकटीत सहा महिन्यांपूर्वीचा दम्याचा मोठा झटका दिसणार कसा? म्हणून वर्षभरातले तोंडी स्टेरॉइडचे कोर्स, तातडीच्या भेटी आणि साल्ब्युटामॉलचे किती पंप संपले, हे फॉर्मखालीच लिहून घेतो. २०० डोसचे तीन किंवा जास्त पंप वर्षात संपत असतील तर झटक्याचा धोका वाढलेला समजावा. एआयआरक्यू या दम्याच्या आणखी एका प्रश्नावलीत ही सोय अंगचीच आहे: दहा हो-नाही प्रश्न, सात दोन आठवड्यांबद्दल, तीन वर्षभराबद्दल.

४ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी वेगळी एसीटी आहे. चार प्रश्न मुलाला, चेहऱ्यांच्या चित्रांसह, आणि तीन पालकांना. एकूण २७, त्यात १९ किंवा कमी म्हणजे आटोक्यात नाही. मुलाचं आधी भरून घ्या. आई "अरे, परवा खोकत होतास ना!" म्हणाली की मूल हसऱ्या चेहऱ्यावरचं बोट सरकवतं. पालकांचे प्रश्न मुलाचं भरून झाल्यावरच हातात दिले की ही अडचण बरीच कमी होते.