पहिला कौल की दुसरा कौल?

ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा तो अंतिम मानावा की पुन्हा मत घ्यावे, हा वाद सुरू झाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ज्यांना एकदाही मत विचारले गेले नाही, त्या आम्हा बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी माणसांना हा वाद परका वाटत नाही.

पहिला कौल अंतिम मानण्याच्या बाजूने मोठा आधार विश्वासाचा आहे: हरलेल्या बाजूला हवे ते उत्तर मिळेपर्यंत प्रश्न विचारला जाणार असेल, तर मतपेटीवर श्रद्धा कोण ठेवील? शेजारच्या गोव्याने १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले. ते आमच्यापैकी अनेकांना बोचले, तरी तो निर्णय टिकला आणि टिकायलाच हवा होता.

दुसऱ्या कौलाची बाजूही दुबळी नाही. २०१६ मध्ये ‘बाहेर पडणे’ म्हणजे नेमके काय, याचा मसुदाच मतदारांपुढे नव्हता. आयर्लंडने युरोपीय संघाच्या कारभाराची चौकट बदलणारा लिस्बन करार २००८ मध्ये जनमत कौलात फेटाळला, पण करआकारणी आणि लष्करी तटस्थतेबाबत हमी मिळाल्यावर २००९ मध्ये तो स्वीकारला. तिथे प्रश्नाचा आशय बदलला होता.

म्हणून माझ्या मते, ठोस नवा प्रस्ताव समोर असेल तरच दुसरा कौल वैध ठरतो. केवळ पहिल्या निकालाची नाराजी त्यासाठी पुरेशी नाही.