बॅग उत्तम, रनर दळभद्री: ४० लिटरची कॅबिन बॅकपॅक काही महिने वापरल्यानंतर

स्पेसिफिकेशन वेबसाइटवर आहेतच, त्यामुळे डेनियर (म्हणजे कापडाचा धागा किती जाड) किती, कप्पे किती हे पुन्हा उगाळत नाही. पहिल्यांदाच एकटीने, तेही पै-पैचा हिशोब ठेवून परदेशात फिरायचं म्हणून ही बॅग घेतली आणि काही महिने पाठीवर वागवली. लिहायला बसण्याचं कारण मात्र कंपनीचा परवा आलेला मेल: ‘आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?’ खाली पाच चांदण्या. मला जे म्हणायचंय ते चांदण्यांत बसणारं नाही.

आधी चांगलं सांगून टाकते, म्हणजे पुढे मोकळेपणाने भांडता येईल.

चेक-इन सामानाचे पैसे वाचले तरच स्वस्तातला प्रवास स्वस्त राहतो. तिकीट कितीही कमी दिसो, विमानतळावर ऐनवेळी बॅग आत द्यायची वेळ आली की डॉर्मच्या, म्हणजे हॉस्टेलमधल्या सामायिक खोलीच्या, दोन-तीन रात्री गेल्याच म्हणून समजा. (मी सगळा खर्च डॉर्मच्या रात्रींत मोजते. आता सुटणार नाही ती सवय.) या बॅगेने तो भुर्दंड एकदाही पडू दिला नाही. बऱ्याच विमान कंपन्यांचं केबिन बॅगेचं माप ५५ × ४० × २० सेंटिमीटरच्या आसपास असतं. गुणून बघा, ४४ लिटर येतात. या बॅगा ४० लिटरवर येऊन का थांबतात ते यात आलं. मापाच्या चौकटीत ती आरामात बसते, अडचण वजनाची आहे. कितीतरी ठिकाणी मर्यादा ७ किलोची, आणि ही बया रिकामीच दीड किलोची. उरले साडेपाच किलो, त्यातच कपडे, औषधं, चपला, सगळा संसार. मी जाकीट अंगावर घालून, खिशांत चार्जर आणि पॉवर बँक कोंबून, फुगलेल्या अवस्थेत रांगेत उभी राहायचे. जाकिटाचं वजन कोणी करत नाही.

वरचा छोटा कप्पा मात्र कोणीतरी डोकं चालवून दिलाय. विमान भरलेलं असलं की गेटवरच केबिन बॅगा काढून घेतात आणि खाली विमानाच्या पोटात टाकतात. त्या वेळी पॉवर बँक बाहेर काढून जवळ ठेवावीच लागते, सामानात ती चालत नाही. मागे शंभर माणसं खोळंबलेली असताना अख्खी बॅग न उघडता ती काढता येणं ही काय चीज आहे ते तेव्हाच कळतं. (२०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॉट-अवर, आणि विमानातली मर्यादा साधारण १०० वॉट-अवरची, तेव्हा क्षमतेवरून ती जप्त होण्याची भीती नको.)

कमरपट्ट्यावर मी सुरुवातीला फार चिडले होते. बॅगेची पाठ एकाच मापात येते. पाठीचं माप मानेखाली हाताला लागणाऱ्या टोकदार हाडापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत घेतात, उंचीवरून त्याचा अंदाज लागतोच असं नाही. माझी पाठ आखूड आहे. खांद्याचे पट्टे नीट बसवले की कमरपट्टा जिथे बसायला हवा त्याच्या खाली घसरतो, आणि जो भार कमरेने घ्यायचा तो सगळा खांद्यांवर येतो. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर इथेच एक चांदणी कापली असती. पण सात किलोपर्यंत खांदे तक्रार करत नाहीत हे हळूहळू लक्षात आलं. शेवटी पट्टा सोडवून बाजूला ठेवला, तेवढंच वजन कमी. तीसेक वर्षांच्या धडधाकट माणसाला सात किलोसाठी कमरपट्टा लागत नाही. दहा किलो नेणार असाल तर दुसरी बॅग बघा.

तसंच मत फिरलं ते तिच्या उघडण्याबद्दल. तीन बाजूंनी चेन आणि सुटकेससारखी दोन पाखं. पहिल्या हॉस्टेलमध्ये मला हा प्रकार मूर्खपणाचा वाटला होता. डॉर्ममधला पलंग तो केवढा, त्यावर मी झोपू की बॅग पसरू? मग लवकर सुटणाऱ्या बसगाड्या सुरू झाल्या. पहाटे, काळोखात, मोबाईलचा उजेड तळहाताने झाकून, हवी ती पिशवी नेमकी उचलायची आणि वरच्या पलंगावरच्याची झोप न मोडता निघायचं, हे वरून तोंड असलेल्या बॅगेत जमत नाही. तिथे तळातल्या एका मोज्यासाठी अख्खी बॅग उपसावी लागते. शिवाय ही पलंगाखालच्या लॉकरमध्ये आडवी जाते. सत्तर लिटरवाल्यांची धुडं बाहेरच, साखळीने पलंगाला बांधलेली. एकटं फिरताना ‘जरा बघा हं’ म्हणायलाही कोणी नसतं, स्टेशनवरच्या स्वच्छतागृहातसुद्धा बॅग बरोबर येते, आणि दारामागच्या हुकाला टांगता येईल इतकीच ती मोठी आहे. त्या हुकासाठी मी हिला पाचवी चांदणी द्यायला निघाले होते.

आणि मग रनर गेला, चेन उघडायला-लावायला ओढतो तो तुकडा.

चेन तुटली असती तर एक वेळ समजलं असतं. पण चेन धडधाकट, कापड धडधाकट, शिवण धडधाकट. बस सुटायला आलेली, मी डाव्या खालच्या वळणावरून रनर ओढतेय, तो गपगुमान पुढे जातोय आणि त्याच्या मागे चेन आ वासून उघडीच. मागे घेतला, पुन्हा पुढे ओढला, तेच. त्या फटीतून टॉवेलचं एक टोक बाहेर लोंबत होतं. शेवटी बाहेरचे दोन्ही कॉम्प्रेशन पट्टे करकचून आवळले, कपडे वाळत घालायची दोरी वरून गुंडाळली आणि बॅग मांडीवर घेऊन पूर्ण प्रवास केला. डिकीत टाकायची हिंमत नव्हती.

बॅग कितीही वेळा पडो, घासो, पावसात भिजो, सगळं सहन करते. करंगळीच्या पेरापेक्षा लहान असा एक ओतीव तुकडा जातो आणि ४० लिटर निकामी होतात. याचा मला इतका संताप आला की त्या हॉस्टेलमध्ये बसून मी फक्त चेनबद्दलच वाचलं. तर ऐका.

या बॅगांची चेन नायलॉनच्या किंवा पॉलिस्टरच्या वेटोळ्याची असते. ती वळणांवरून छान वाकते, म्हणूनच तीन बाजूंनी उघडणाऱ्या बॅगेला तीच लागते. रनरच्या पोटात वाय अक्षरासारखी वाट असते. दोन बाजूंची वेटोळी दोन तोंडांनी आत येतात, एकमेकांत दाबली जातात आणि मागच्या तोंडातून जुळून बाहेर पडतात. घासून घासून ते मागचं तोंड किंचित फाकतं. किंचितच, डोळ्यांना दिसतही नाही. पण मग दाब पुरत नाही आणि वेटोळी जुळत नाहीत. सगळ्यात जास्त झीज होते ती वळणांवर, बॅग ठासून भरलेली असताना. म्हणून आधी बाहेरचे पट्टे आवळायचे, ताण त्यांच्यावर घ्यायचा आणि मगच चेन ओढायची. हे एक वाक्य कंपनीच्या माहितीपत्रकात कुठेही नाही. ‘साहसासाठी सज्ज’ मात्र तीनदा आहे.

उपाय असा: छोटी पक्कड घ्यायची आणि रनरचं मागचं तोंड दोन्ही कडांना आळीपाळीने अगदी हलकेच दाबायचं. दाबायचं, ओढून बघायचं, पुन्हा थोडं दाबायचं. जोर लावला तर तो ओतीव धातू कडकन तुटतो आणि उरलीसुरली आशाही जाते. फक्त कॅबिन सामान घेऊन फिरणाऱ्याजवळ पक्कड कुठून असणार? पातं असलेलं मल्टिटूल सुरक्षा तपासणीतून सहसा जात नाही. रिसेप्शनवरच्या मुलाने सायकल दुरुस्तीच्या डब्यातून एक काढून दिली. त्याने पाखं दाबून धरली, मी रनर दाबला, कारण या कामाला तीन हात लागतात. चेन लागली. काही आठवडे टिकली, मग पुन्हा तेच.

आता सेवेबद्दल. बॅगेवर ‘लाइफटाइम वॉरंटी’ असा टॅग होता. लाइफटाइम कोणाचं, ते बारीक अक्षरात आहे: वस्तूचं, तुमचं नव्हे. मी फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं की आतल्या शिवणीतल्या लेबलवरचा क्रमांक पाठवा. ते लेबल पाण्याने धुऊन कोरं झालेलं. बिल पाठवलं. मग उत्तर आलं, चेनची झीज ही ‘नेहमीच्या वापरातली झीज’ आहे आणि ती वॉरंटीत येत नाही, तरीही सद्भावना म्हणून तपासून बघू, बॅग स्वच्छ धुऊन, वाळवून, स्वखर्चाने आमच्या केंद्रात पाठवा, काही आठवडे लागतील. मी उलट विचारलं की मी परदेशात आहे, माझं सगळं सामान त्याच बॅगेत आहे, तर तेवढे दिवस मी ते कशात ठेवू? यावर उत्तर: ‘आपली अडचण आम्ही समजू शकतो.’ कुरिअरचा खर्च विचारला तर डॉर्मच्या आठ रात्री. मी म्हटलं, फक्त रनर पाकिटात घालून पाठवा. सुटे भाग ते विकत नाहीत म्हणे. संवाद तिथेच संपला, सर्वेक्षणाचा मेल आला तो त्यानंतर.

बाजारातल्या एका बॅग-चपला शिवणाऱ्या आजोबांनी तो प्रश्न चहा निवायच्या आत सोडवला. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती. त्यांनी जुना रनर उलटा करून पाठीवरचा आकडा बघितला, एका डब्यात बोटं घालून त्याच आकड्याचा दुसरा काढला, चेनच्या टोकाची शिवण चार टाके उसवली, नवा रनर चढवला, टोक पुन्हा शिवलं. मग मेणबत्तीचा तुकडा चेनवरून फिरवला. खर्च डॉर्मच्या अर्ध्या रात्रीएवढाही नाही. मी आणखी दोन रनर विकत घेऊन ठेवले. तो आकडा म्हणजे बंद चेनच्या दातांची साधारण मिलिमीटरमधली रुंदी. ५, ८, १० असे असतात, आणि वेटोळ्याच्या चेनला वेटोळ्याचाच रनर लागतो, प्लास्टिकच्या दातांचा चालत नाही.

नवा रनर अजून लोण्यासारखा चालतोय. पण उघडण्याबद्दलचं माझं मत आता दुसऱ्यांदा बदललंय. सोय हवी तर तीन बाजूंची चेनच हवी, पण मग अख्खी बॅग एका रनरच्या जिवावर असते. दोरीने तोंड आवळायच्या जुन्या बॅगेत बिघडण्यासारखं काही नसतं. आणि ज्या बॅगांना दोन रनर असतात, ते एकत्र करून कुलूप लावणाऱ्यांसाठी एक वाईट बातमी: वेटोळ्याची चेन साध्या बॉलपेनच्या टोकाने फाकते, आणि कुलूपबंद रनर तसेच पुढे-मागे फिरवले की पुन्हा लागते, मागे खूणही राहत नाही. कुलूप लॉकरला लावा.

बाकी किरकोळ. पाठीकडचा ‘गुप्त’ खिसा घामाने ओला होतो, पासपोर्ट तिथे ठेवायचा तर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. रेनकव्हर पाठीची बाजू झाकत नाही, पाणी पट्ट्यांच्या मुळातून झिरपतंच. आतून एक मोठी कचऱ्याची पिशवी लावली की काम होतं, ते कव्हर मी वाटेत एका मुलीला देऊन टाकलं.

घ्यायची का? सवलतीत मिळाली तर घ्या, पूर्ण किमतीत नको. ऑनलाइन मागवू नका, दुकानात जाऊन बॅग गच्च भरून मागा आणि चेन खालच्या दोन्ही वळणांवरून दहा-बारा वेळा फिरवून बघा. रनर उलटा करा. माझ्या बॅगेच्या मूळ रनरवर आकडा होता, बनवणाऱ्याचं नाव नव्हतं. वायकेके किंवा दुसऱ्या कुठल्या ओळखीच्या कंपनीचं नाव दिसलं तर बरं, नसलंच तर आकडा लिहून घ्या आणि त्याच दिवशी दोन जास्तीचे रनर घेऊन वरच्या छोट्या कप्प्यात टाका, पॉवर बँकेशेजारी.