सातपुड्याच्या उतारांवर मिनियनची जोडी: डीएचएफ पुढे, डीएचआर टू मागे

माउंटन बाइकचा टायर घेताना बहुतेक जण आधी नॉबची, म्हणजे माथ्यावरच्या रबरी उंचवट्यांची, नक्षी पाहतात. खानदेशात चालवणाऱ्याने मात्र आधी केसिंग, म्हणजे रबराखालच्या कापडी थरांची मजबुती पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अक्राणी तालुक्यातील तोरणमाळचे उतार असोत की धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याभोवतीच्या वाटा, येथे बसाल्टचे धारदार कोपरे जमिनीतून वर आलेले असतात, त्यांच्यावर सुटा मुरूम पसरलेला असतो आणि कडेला बाभळी व सराटे असतात. दगड टायरची बाजू कापतो, काटा माथ्यातून आत शिरतो, आणि या दोन दुखण्यांवरचे उपायही वेगवेगळे आहेत.

मॅक्सिस या टायर कंपनीचा मिनियन डीएचएफ पुढच्या चाकाला २९ × २.५ इंच आणि मिनियन डीएचआर टू मागच्या चाकाला २९ × २.४ इंच या मापात मी वापरत आहे. डीएचएफच्या मधल्या व कडेच्या नॉबमध्ये रुंद मोकळी पट्टी आहे, त्यामुळे वळणावर सायकल धिटाईने झुकवली तर कडेचे नॉब मुरमात घट्ट रुततात. अर्धवट झुकवली तर मात्र पुढचे चाक क्षणभर अधांतरी असल्यासारखे वाटते. नवख्या चालकाला हा स्वभाव खटकेल. त्याने ग्रेग मिनार या दक्षिण आफ्रिकी डाउनहिल स्पर्धकाच्या सहभागाने तयार झालेला मॅक्सिसचाच असेगाई टायर पुढे लावावा, कारण त्याच्या मधल्या पट्टीतही नॉब आहेत. फक्त सपाटीवर तो जड चालतो. डीएचआर टूचे मधले नॉब फावड्यासारखे आडवे असल्याने उतारावर ब्रेक दाबताच ते माती धरतात, आणि सुट्या खडीवर मागचे चाक घसरत नेण्याची सवय असलेल्यांनाही त्याचा फरक लगेच जाणवतो.

आता केसिंग. एक्सो हे एका थराचे हलके केसिंग असून बाजूला संरक्षक पट्टी असते. शिवारातील गाडवाटा आणि साध्या ट्रेलसाठी ते पुरेसे आहे. डबलडाउनमध्ये १२० टीपीआयचे (दर इंचातील धाग्यांची संख्या) दोन थर असतात, तर डीएच केसिंग दुपदरी ६० टीपीआयचे आणि सर्वांत जड. तोरणमाळला वर नेणारी लिफ्ट नाही. जीपची सोय नसेल तर चढ पायांनीच चढावा लागतो, म्हणून मागे डबलडाउन आणि पुढे एक्सो प्लस, म्हणजे एक्सोहून मजबूत पण डबलडाउनहून हलके केसिंग, हा मेळ मला सर्वांत योग्य वाटतो. पूर्ण डीएच केसिंग केवळ उतरण्यासाठी चढणाऱ्यांनाच परवडेल. रबरातही मॅक्सग्रिपचा मोह टाळावा, कारण ते सर्वांत मऊ असून आपल्या कोरड्या दगडावर झपाट्याने झिजते. मॅक्सटेरा जास्त टिकते आणि पकडही पुरेशी देते.

काट्यांपुढे कोणत्याही नॉबची जाडी टिकत नाही. बाभळीचा काटा लांब आणि सरळ असतो, तो ट्यूबला सोडत नाही. म्हणून ट्यूबलेस टायर आणि त्यात लॅटेक्सचे सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारा द्रव, हवेच. सीलंट बारीक छिद्रे बुजवते, पण दगडाने बाजूला पडलेली चीर त्याने बुजत नाही. तेथे प्लग, म्हणजे छिद्रात ठासायची रबरी पट्टी, लागतो आणि चीर मोठी असेल तर प्लगही हार मानतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडची हवा सीलंट लवकर सुकवते, तेव्हा दर महिन्याला टायर हलवून आतला द्रव वाजतो की नाही ते पाहावे.

हवेच्या दाबाकडेही तितकेच लक्ष हवे. पहाटे २० अंश तापमानात २५ पीएसआय भरलेला टायर दुपारी ४० अंशांवर गेला की दाब दोन-तीन पीएसआयने वाढतो आणि पकड कमी झाल्यासारखी वाटते. दुपारी राइड असेल तर दाब त्याच वेळी तपासावा. पुढच्या चाकाला मागच्यापेक्षा दोन पीएसआय कमी ठेवावेत.

खरेदीपूर्वी रिमची आतली रुंदी मोजून घ्यावी. २.५ डब्ल्यूटी (वाइड ट्रेल, म्हणजे रुंद रिमसाठी बनवलेले) हे माप साधारण ३० ते ३५ मिलिमीटरच्या रिमसाठी आहे. अरुंद रिमवर ते फुग्यासारखे गोल होते आणि कडेच्या नॉबचा उपयोग राहत नाही. मागच्या चिमट्यात, म्हणजे फ्रेमच्या ज्या दोन दांड्यांमध्ये चाक बसते तेथे, जागा आहे का, हेही पाहावे.

या जोडीचा एक दोष पावसाळ्यात उघड होतो. तापीकाठच्या काळ्या मातीत दोन्ही टायर काही मीटरांतच भरून जातात आणि चाक फिरणे थांबते; वस्तुतः या चिखलात कोणताही टायर टिकत नाही, म्हणून त्या दिवसांत मुरमाड टेकड्यांवरच राहावे. मागचा टायर पुढच्याआधी झिजतो. तो बदलायची वेळ आली की पुढचा अर्धा झिजलेला डीएचएफ मागे घालून नवा पुढे लावणे, हा खिशाला सोसणारा मार्ग आहे. मागे ब्रेकची पकड थोडी कमी मिळते, तरी ट्रेलवर ते निभावते.