बॉक्स्टरच्या पुढच्या चाकातली टकटक: नऊ महिने आणि सात हजार मैलांनंतर

गाडी पोर्शे बॉक्स्टर, २००१ चं मॉडेल, २.७ लिटर, पाच गिअरची मॅन्युअल. मी इंग्लंडमध्ये शेफील्डला राहतो. इथे घराबाहेर पडलं की एक तर चढ नाही तर उतार, आणि दोन्हीकडे खड्डे. या पिढीच्या बॉक्स्टर १९९६ ते २००४ या काळात निघाल्या, म्हणजे त्यातली सगळ्यात धाकटी गाडीसुद्धा आता विशीच्या पुढे गेली. गाडी घेताना सगळे इंजिनाबद्दल बजावतात. खालचं रबर आणि बॉल जॉइंट (वाटीत फिरणाऱ्या गोळीचे सांधे) तेवढेच म्हातारे झालेत, हे मला कोणी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये पुढून, बहुतेक डावीकडून, आवाज यायला लागला. ताशी पंधरा-वीस मैलांवर, उखडलेल्या डांबरावरून जाताना टक-टक-टक. डब्यात सुपारी हलवावी तसा. वेग वाढला की आवाज बंद. शेफील्डजवळच्या स्नेक पास या घाटरस्त्याच्या वळणांवर पन्नासने गेलो तर गाडी एकदम मुकाट, आणि घराजवळच्या गल्लीत शिरलो की पुन्हा सुरू.

एका गॅरेजवाल्याने एक फेरी मारली आणि शॉकअप गेलेत म्हणाला. गाडीचं वय बघता मलाही पटलं. पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, मजुरीसकट ६४० पौंड झाले. गाडी चालायला छान झाली हे खरं, पण त्याच्या दारातून बाहेर पडल्यावर पहिल्याच गटाराच्या झाकणावर तोच टक-टक. त्या दिवशी फार वाईट वाटलं. पैसे गेलेच, पण आता विश्वास कोणावर ठेवायचा तेही कळेना.

माझा मावसभाऊ कोल्हापुरात गेली वीस वर्षं सस्पेन्शनचंच काम करतो. बॉक्स्टर त्याच्या हाताखालून कधी गेलेली नाही, तरी त्याला फोन लावला. मी आवाजाची नक्कल करायला लागलो तर त्याने मध्येच थांबवलं. "दादा, ते ऱ्हाऊ दे. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढल्यावर वाजतंय, का एकच चाक खड्ड्यात गेल्यावर?" मला सांगता येईना. तो म्हणाला, "मग ते बघून ये. आणि पहिली डिकी मोकळी कर."

बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या मागे, त्यामुळे डिक्या दोन, एक पुढे आणि एक मागे. स्टेपनी, जॅक, पाने सगळं पुढच्या डिकीत. बॅटरीही तिथेच. सगळं बाहेर काढलं, बॅटरीचा क्लॅम्प हलवून बघितला. टकटक गेली नाही, पण तिच्यात मिसळलेला एक बारीक खणखणाट मात्र गेला. तो पान्यांचा होता. इतके दिवस मी दोन आवाज एकत्र ऐकत होतो, म्हणून नेमकं काही हाताला लागत नव्हतं.

मग स्पीडब्रेकर. आमच्या भागात दोन प्रकारचे आहेत. एक रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा, त्यावर दोन्ही चाकं बरोबर चढतात. दुसरा चौकोनी उशीसारखा, त्यावरून एकाच बाजूचं चाक नेता येतं. पूर्ण रुंदीच्या स्पीडब्रेकरवर चार वेळा गेलो, आवाज नाही. उशीवर फक्त डावं चाक चढवलं, टक. पुन्हा चढवलं, पुन्हा टक. यामागचं कारण साधं आहे. स्टॅबिलायझर बार, म्हणजे वळणावर गाडी झुकू नये म्हणून बसवलेला आडवा दांडा, दोन्ही चाकांना एकेका लिंक रॉडने (छोट्या दांडीने) जोडलेला असतो. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार आपल्या बुशात (त्याला धरणाऱ्या रबरी कड्यात) नुसता फिरतो, त्याच्यावर जोर येत नाही. एकच चाक वर गेलं की बार पिळला जातो, लिंक रॉड खेचला जातो, आणि त्याच्या बॉल जॉइंटमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर तो वाजतो. लिंक किंवा बारची बुशं, संशय एवढ्यावर येऊन थांबला. या शोधात एक पैसाही खर्च झाला नव्हता. जाता जाता ब्रेक पॅडचीही खात्री करून घेतली. खराब रस्त्यावर पाय ब्रेकवर अगदी हलका टेकवायचा. आवाज थांबला तर कॅलिपरमध्ये पॅड खुळखुळतायत. माझा थांबला नाही.

यानंतर मी एक चूक केली, आणि ती जवळजवळ प्रत्येक जण करत असणार. डावं चाक जॅकवर उचललं, लिंक हाताने हलवून बघितला, तर दगडासारखा घट्ट. व्हिडिओ काढून पाठवला. भाऊ वैतागलाच. "एकच चाक उचललंस की बार पिळतोय, लिंक ताणून बसती. ताणलेल्या लिंकेत प्ले कसा दिसंल? दोन्ही चाकं सारखी ठेव."

म्हणून पुढची दोन्ही चाकं रॅम्पवर चढवली, मागच्या चाकांना अडण्या लावल्या, हँडब्रेक ओढला. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.) आता लिंकवर ताण नव्हता. डाव्या लिंकच्या खालच्या बॉलवर अंगठा टेकवला आणि दुसऱ्या हाताने रॉड वर-खाली केला. टक. आवाज कानाआधी अंगठ्याला कळला. रबरी टोपीला नखाएवढी चीर होती, दाबल्यावर ग्रीसऐवजी तांबूस पाणी आलं. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, ते असं आत शिरतं. लिंक काढल्यावर बॉलचा पिन आपल्याच वजनाने लुळा पडला. चांगल्या लिंकचा पिन हाताने वळवायलाही जोर लागतो. दोन्ही लिंक काढून दहाच्या वेगाने गल्लीत एक फेरी मारली. वळणावर गाडी झुकत होती, पण पूर्ण शांत होती. हे सगळं शॉकअपच्या आधी करायला हवं होतं.

पहिली जोडी मी स्वस्तातली घेतली, २४ पौंडांची. चार महिने सुखाचे गेले. मग उजवीकडून टकटक. पुन्हा रॅम्प, पुन्हा अंगठा, आणि पाचव्या मिनिटाला तोच निकाल. दुसरी जोडी जवळजवळ तिप्पट किमतीची घेतली. तिला पाच महिने झाले, त्यात अख्खा हिवाळा आला, तरी अजून पिनात तसूभर प्ले नाही. लिंक बदलताना नटाबरोबर पिनही गरगर फिरतो, त्याला दुसऱ्या पान्याने धरावं लागतं. बाकी काम तासाभराचं.

लिंक गप्प झाल्यावर त्यांच्यामागे दडलेला आणखी एक आवाज पुढे आला. रिव्हर्स घेऊन मग पुढे जाताना ब्रेक दाबला की एकदाच जड 'टॉक'. बायकोला गाडीत बसवून स्टिअरिंग फिरवायला लावलं आणि स्प्रिंगवर हात ठेवला. शॉकअपचं वरचं माउंटिंग अडकत असेल तर स्प्रिंग झटका देत फिरतो. माझा सरळ फिरत होता. टोकाला तुटलेलाही नव्हता, या गाड्यांचे स्प्रिंग खालच्या टोकाला तुटतात म्हणून टॉर्च लावून बघितलं. शेवटी लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बॉल जॉइंटपाशी पहार लावून उचकटलं तर तो स्पष्ट हलला. शवपेटीसारखा आकार असल्यामुळे इकडे या आर्मला कॉफिन आर्म म्हणतात. मग सुचलं म्हणून गाडीच्या एमओटीच्या (इथल्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीच्या) जुन्या नोंदी ऑनलाइन उघडल्या. दोन वर्षांपूर्वीच, त्याच कोपऱ्यात, त्याच जॉइंटमध्ये किंचित प्ले असल्याचा शेरा होता. इंग्लंडमध्ये जुनी गाडी घेणाऱ्या आपल्या लोकांना कळकळीने सांगतो, या नोंदी फुकट आहेत, त्या आधी वाचा. मी वाचल्या नव्हत्या.

आर्म बदलताना एक गोष्ट फार जपा. आतल्या बाजूचा बुशाचा बोल्ट चाक लटकत असताना शेवटपर्यंत आवळू नका. तसा आवळला की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवं बुश लवकर फाटतं. मी बोल्ट नुसता बसवला, चाक लावलं, चाकाचे बोल्ट टॉर्क पान्याने १३० न्यूटन मीटरला आवळले, गाडी रॅम्पवर नेली, आणि वजन चाकांवर आल्यावर मग आतला बोल्ट आवळला. दुसऱ्या दिवशी व्हील अलाइनमेंट करून घेतलं.

आता पुढून काहीच आवाज नाही. गाणी बंद ठेवून, छप्पर उघडून त्याच गल्लीतून जातो आणि फक्त टायरचा आवाज ऐकतो, त्याचं सुख मला अजूनही रोज वाटतं. मागच्या डाव्या आर्मचं बुश मात्र थंडीत सकाळी कुरकुरतं. ते काम मुद्दाम पुढे ढकललंय, कारण तिथला अलाइनमेंटचा बोल्ट गंजून बुशाच्या नळीतच धरलाय. कापायची वेळ आली तर गाडी दोन दिवस उभी राहणार. सध्या रोज संध्याकाळी त्यावर गंज सोडवायचं तेल मारतोय. काल पहिल्यांदा तो पाव आटा हलला.